निकाल लागला, पण मान्य नाही : आयर्लंडच्या सार्वमताला कोर्टात दिलेलं आव्हान



आमच्या शाळेत जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. दरवर्षीच होते. पहिलीची पिल्लं सोडली तर दुसरी ते सातवी सगळ्यांना मत. मुख्यमंत्रिपदाला दोन उमेदवार उभे होते. सातवीतली एक मुलगी, तिचं चिन्ह छत्री. सातवीतलाच एक मुलगा, त्याचं चिन्ह पतंग. एकूण ८६ मतं पडली. छत्रीला ४४, पतंगाला ४१ आणि एक चिठ्ठी बाद. मी फळ्यावर आकडे लिहिले, टाळ्या झाल्या, आणि तेवढ्यात पतंगवाला उठून म्हणाला, "बाई, मला हे मान्य नाही."

मी काय केलं असेल? जे आपण बहुतेक जण करतो तेच. "हरल्यावर असं बोलू नये, खिलाडूवृत्ती पाहिजे," असं म्हणून त्याला खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला शपथविधीसुद्धा उरकला.

शाळा सुटताना त्याची आई फाटकाशी थांबलेली. भांडायला आली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाई, हरला तर हरला. पण त्याचं म्हणणं तरी ऐकून घ्यायचं होतंत."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मंत्रिमंडळ झाल्यावर मी दरवर्षी मोठ्या वर्गांना निवडणुकीवर एक तास घेते, त्याची तयारी करत होते. निकालाला आव्हान कसं देतात, ते ऐकायचं कोणी, किती दिवसांत, हे शोधता शोधता आयर्लंडचं प्रकरण हाती लागलं. २०१८ साली तिथे गर्भपाताच्या प्रश्नावर सार्वमत झालं, निकाल स्पष्ट लागला, तरीही काही नागरिक कोर्टात गेले. हा लेख त्या कोर्टकचेरीबद्दल आहे. गर्भपात योग्य की अयोग्य हा वाद इथे घालायचा नाही. आणि वर्गात घेताना पाचवीपर्यंतच्या मुलांना "एका कायद्याबद्दल लोकांचं मतदान झालं" एवढं सांगितलं तरी पुरतं. पालकांशी बोलताना मात्र विषय नीट नावाने सांगावा, असं माझं मत.

कायद्यासाठी मतदान कशाला?

आपल्याकडे कायदा संसद करते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संसदेने केला, २०२१ ची दुरुस्तीही संसदेनेच केली. त्यासाठी तुम्ही-आम्ही मत द्यायला गेलो नाही. घटनादुरुस्तीसुद्धा आपल्याकडे संसदेत होते, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती लागते, बस्स. आयर्लंडचं तसं नाही. तिथल्या १९३७ च्या राज्यघटनेत एक शब्द जरी बदलायचा असेल तरी संसदेने मंजूर केल्यावर तो प्रश्न देशातल्या मतदारांपुढे ठेवावा लागतो. हो किंवा नाही. त्यालाच सार्वमत म्हणायचं.

आपल्या भागातल्या लोकांना ही कल्पना अगदीच परकी नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर. गोव्यातल्या जुन्या मंडळींना 'दोन पानां' आणि 'फूल' ही चिन्हं अजून आठवतात. फूल म्हणजे विलीनीकरण. ३४ हजारांच्या फरकाने दोन पानं जिंकली.

तर आयर्लंड. १९८३ साली तिथे सार्वमत घेऊन घटनेत आठवी दुरुस्ती झाली. पोटातल्या बाळाच्या जगण्याचा हक्क आईच्या जगण्याच्या हक्काइतकाच, असं घटनेत लिहिलं गेलं. बाजूने जवळपास ६७ टक्के मतं. कायदा नव्हे, घटनाच. त्यामुळे नंतर कुठल्याही सरकारला वाटलं तरी साध्या कायद्याने त्यातून वाट काढणं अवघड झालं. १९९२ मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या १४ वर्षांच्या एका मुलीला इंग्लंडला जाण्यापासून सरकारने कोर्टाकरवी रोखलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आईच्याच जिवाला धोका असेल, आत्महत्येचा धोकासुद्धा, तर गर्भपात चालेल असं न्यायालयाने सांगितलं. त्याच वर्षी पुन्हा सार्वमत, २००२ मध्ये पुन्हा सार्वमत. २००२ चा निकाल तर साडेदहा हजार मतांच्या फरकाने लागला. म्हणजे हा प्रश्न त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर ठेवलेल्या पातेल्यासारखा उकळत होता.

आणि मग २०१२. सविता हलप्पनवार. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. १७ आठवड्यांची गरोदर असताना गॉलवे शहरातल्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं. तिने गर्भपाताची विनंती केली, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून ती मान्य झाली नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. बेळगावच्या एका घरातली लेक सात समुद्रापार अशी गेली, हे वाचून त्या वेळी आपल्याकडेही किती जणांना चटका लागला होता! डब्लिनच्या रस्त्यांवर तिचे फोटो घेऊन लोक उतरले. २०१८ च्या सार्वमताआधी तिच्या वडिलांनी आयरिश लोकांना 'हो' मत द्या असं आवाहन केलं होतं.

या सार्वमताच्या वेळी आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. आडनाव ओळखीचं वाटलं ना? त्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव वराड, तालुका मालवण. मुलांना हे सांगितलं की वर्गात एकदम जाग येते, नकाशा काढायला तेच सांगतात.

२५ मे २०१८

प्रश्न असा होता की, आठवी दुरुस्ती काढून टाकायची आणि तिच्या जागी गर्भपाताबाबत संसदेला कायदा करता येईल असं कलम घालायचं, हे मान्य आहे का? 'हो' १४,२९,९८१. 'नाही' ७,२३,६३२. टक्क्यांत ६६.४ विरुद्ध ३३.६. चाळीस मतदारसंघांपैकी फक्त डोनेगल या एकाच ठिकाणी 'नाही' पुढे राहिलं. (सहावी-सातवीला हे आकडे देऊन वजाबाकी आणि शेकडेवारी करून घ्या. फरक ७,०६,३४९ येतो.)

आता खरा धडा सुरू होतो. आपल्याला वाटतं निकाल जाहीर झाला की संपलं. पण आयर्लंडमध्ये सार्वमताचा निकाल आधी *तात्पुरता* असतो. मतमोजणीनंतर सार्वमत अधिकारी एक तात्पुरतं प्रमाणपत्र तयार करतो, ते सरकारी राजपत्रात छापलं जातं आणि तिथून सात दिवस मोजायचे. या सात दिवसांत कुणीही मतदार उच्च न्यायालयात जाऊ शकतो. कुणी गेलं नाही तर प्रमाणपत्र पक्कं होतं, राष्ट्राध्यक्ष सही करतात आणि घटना बदलते. कुणी गेलं तर सगळं थांबतं. सात लाखांच्या फरकाने जिंकलेलं असो नाहीतर सात मतांच्या.

हे नियम १९९४ च्या सार्वमत कायद्यात आहेत. पण दार उघडं आहे म्हणजे कुणीही आत शिरावं असंही नाही. दारातच एक चाळण लावलेली आहे. नुसती याचिका दाखल करून चालत नाही, आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. परवानगीसाठी दोन गोष्टी दाखवायच्या. एक, मतदानात काहीतरी चुकलं याचा प्रथमदर्शनी पुरावा. कुणी निवडणुकीचा गुन्हा केला, कुणी अडथळा आणला, मतदान नियमाप्रमाणे झालं नाही किंवा मोजणीत चूक झाली, यातलं काहीतरी. आणि दोन, त्या चुकीचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला असावा.

ही दुसरी अट महत्त्वाची. चूक झाली, एवढं पुरत नाही. चुकीमुळे *निकाल* बदलला का, हा प्रश्न.

२०१८ मध्ये सात दिवसांच्या आत तीन नागरिक असे अर्ज घेऊन आले. ती साधी खाजगी माणसं, त्यामुळे त्यांची नावं इथे देत नाही, आणि आपल्या कामाला ती लागतही नाहीत. त्यांच्या तक्रारी थोडक्यात अशा होत्या : मंत्र्यांनी प्रचारात दिशाभूल करणारी विधानं केली. सार्वमत आयोगाने, म्हणजे न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तटस्थ माहिती देण्यासाठी नेमलेल्या मंडळाने, घरोघर पाठवलेल्या माहितीत चुका होत्या. मतदार याद्यांमध्ये घोळ होता.

आपल्या कानाला या तक्रारी ओळखीच्या वाटतात. कुठल्या निवडणुकीनंतर याद्यांचा घोळ ऐकू येत नाही?

चूक झाली, पण निकाल तोच : १९९५

२०१८ चा निवाडा समजायला थोडं मागे जावं लागेल, कारण न्यायाधीशांपुढे दोन जुनी प्रकरणं होती. त्यातलं पहिलं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं.

१९९५ साली आयर्लंडमध्ये घटस्फोटाला परवानगी द्यावी का यावर सार्वमत होतं. सरकार 'हो'च्या बाजूचं. सरकारने काय केलं, तर 'हो'च्या प्रचारासाठी सरकारी तिजोरीतून पाच लाख पौंड काढले. हरित पक्षाच्या पॅट्रिशिया मॅकेना या नेत्या कोर्टात गेल्या. करदात्यांमध्ये 'हो'वाले आहेत तसे 'नाही'वालेही आहेत, मग सगळ्यांच्या पैशाने एकाच बाजूचा प्रचार कसा? मतदानाच्या एक आठवडा आधी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारचं चुकलं, हे घटनाबाह्य आहे, थांबवा.

२४ नोव्हेंबरला मतदान झालं. 'हो' ८,१८,८४२. 'नाही' ८,०९,७२८. फरक फक्त ९,११४ मतांचा! सोळा लाखांहून जास्त मतांमध्ये नऊ हजार. घटस्फोटविरोधी मोहिमेचे नेते डेस हॅनाफिन यांनी अर्थातच याचिका केली. तुम्ही-मी त्यांच्या जागी असतो तर आपणही केली असती. सरकारने चुकीने पैसे खर्च केले हे सर्वोच्च न्यायालयच म्हणालं होतं. आणि निकाल इतका काठावरचा. आणखी काय हवं?

तरीही ते हरले. कोर्ट म्हणालं, चूक झाली हे मान्य. पण त्या जाहिरातींमुळेच मतं फिरली, हे दाखवा. मतचाचण्यांचे तज्ज्ञ साक्षीला आले, आकडेमोड झाली, पण कोर्टाचं समाधान झालं नाही. जून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली.

यातली अडचण लक्षात येते का? मतदान गुप्त आहे. मतदाराला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून "तू कोणाला मत दिलंस आणि का?" हे विचारता येत नाही, विचारूही नये. मग जाहिरातीमुळे किती मतं फिरली हे सिद्ध करायचं कसं? गुप्ततेची जी भिंत मतदाराला वाचवते, तीच भिंत तक्रारदाराच्या वाटेत उभी. मला तरी हा निकाल थोडा कठोर वाटतो. सरकारने चूक करायची आणि त्या चुकीने नुकसान झालं हे सिद्ध करायचं ओझं मात्र सामान्य नागरिकाच्या डोक्यावर, तेही ज्याचा पुरावा मिळूच शकत नाही अशा गोष्टीचं.

गंमत म्हणजे पुढे त्या न्यायालयालाही हे जाणवलं असावं. २०१२ मध्ये मुलांच्या हक्कांवर सार्वमत होतं. मतदानाच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी पुस्तिका आणि वेबसाइट तटस्थ नाही. म्हणजे सतरा वर्षांनी पुन्हा तीच चूक! निकाल ५८ विरुद्ध ४२ टक्के. पुन्हा याचिका. ती सर्वोच्च न्यायालयात २०१५ च्या एप्रिलमध्ये फेटाळली गेली, पण या वेळी न्यायालयाने कसोटी जरा बदलून मांडली. निकाल नक्की बदललाच असता, हे सिद्ध करायची गरज नाही. चुकीमुळे निकालावर परिणाम झाला असण्याची *रास्त शक्यता* आहे का, इतकी की एखाद्या सारासार विचार करणाऱ्या माणसाला त्या निकालावर भरवसा ठेवता येणार नाही, एवढं दाखवा.

'सिद्ध करा'पासून 'भरवसा राहील का' इथपर्यंतचा हा प्रवास मला फार महत्त्वाचा वाटतो. पण त्याची किंमतही बघा. लोकांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मंजूर केलेली दुरुस्ती एप्रिल २०१५ पर्यंत लटकत राहिली. अडीच वर्षं.

पुन्हा २०१८

उच्च न्यायालयाचे अध्यक्ष न्यायमूर्ती पीटर केली यांनी २० जुलै २०१८ ला तिन्ही अर्जांना परवानगी नाकारली. चाळणीतून ते खाली उतरलेच नाहीत. निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला असं म्हणायला लागणारा प्रथमदर्शनी पुरावा अर्जदारांनी आणलेला नाही, हा त्या निर्णयाचा गाभा.

हे वर्गात समजावताना मी याद्यांचं उदाहरण घेते. समजा कुणी म्हणालं, माझ्या शेजारच्या घरी दोन मतदार चिठ्ठ्या आल्या. खरंही असेल. पण दोन चिठ्ठ्या आल्या म्हणजे दोनदा मतदान झालं असं नाही. दोनदा झालं असं धरलं तरी अशी किती घरं? फरक सात लाखांचा आहे. तुम्हाला शंभर घरं सापडली तरी उरलेलं अंतर कसं भरणार? आणि दिशाभूल म्हणाल तर प्रचारात दोन्ही बाजू आपापलं म्हणणं ताणूनच मांडतात. ते पारखायला मतदार बसलेला असतो, त्याच्या जागी न्यायाधीशाने बसायचं नसतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण एका पालकांनी मला हेच विचारलं : "म्हणजे कोर्टाने गर्भपाताच्या बाजूने निकाल दिला ना?" नाही. कोर्टाने त्या प्रश्नाला हातसुद्धा लावला नाही. उद्या 'नाही' सात लाखांनी जिंकलं असतं आणि 'हो'वाले असेच अर्ज घेऊन आले असते, तर त्यांनाही हीच चाळण लागली असती. कोर्टाने बघितली ती फक्त मतपेटी.

अपील झालं. ऑगस्टअखेर अपील न्यायालयाने तेच सांगितलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने पुढची सुनावणी घ्यायला नकार दिला. १८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी सही केली आणि छत्तिसावी घटनादुरुस्ती अमलात आली. नवा कायदा डिसेंबरमध्ये झाला. १ जानेवारी २०१९ पासून, बारा आठवड्यांपर्यंत आणि तीन दिवस थांबण्याच्या अटीसह, ही सेवा सुरू झाली.

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ चार महिने. कागदावर ही फक्त तारखांची यादी आहे. पण त्या चार महिन्यांत जुनी दुरुस्ती घटनेत तशीच होती. त्या काळात वर्षाला तीनेक हजार आयरिश बायका गर्भपातासाठी विमानाने किंवा बोटीने इंग्लंड गाठत. जून, जुलै, ऑगस्टमध्येही त्या गेल्याच असणार, 'हो' जिंकूनसुद्धा. देशाने दोन तृतीयांश मतांनी ठरवलं, आणि तीन अर्ज आले म्हणून थांबलो, हे त्यांना कसं समजावणार? हे लिहिताना मला राहून राहून सविता आठवते. अशा प्रसंगात महिने नसतात हातात, तास असतात.

कायदा झाला नव्हता, त्यामुळे अर्ज आले नसते तरी सेवा सप्टेंबरात सुरू झाली असती असं मी म्हणणार नाही. पण वाट बघणं होतंच, आणि ते ज्यांच्या अंगावर पडलं त्या कोर्टात नव्हत्या.

मग हे दार बंदच करावं का? सात लाखांचा फरक असेल तर याचिका घेऊच नये, असा नियम करावा का? मला तसं वाटत नाही. कारण फरक किती हे मोजणीवरून ठरतं आणि शंका मोजणीवरच असेल तर? मोठी चोरी असेल तर फरकही मोठाच दिसेल. पण दार उघडं ठेवायचं तर आत बसलेल्याने झटपट ऐकलं पाहिजे. चार महिने हा काळ मला जास्तच वाटतो, अडीच वर्षं तर नकोच.

आपल्याकडे

आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, १९५१ च्या, जवळपास हीच रीत आहे. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. बऱ्याच कारणांसाठी तिथेही हीच अट आहे की त्याचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम झालेला असला पाहिजे. (उमेदवाराने स्वतःच भ्रष्ट मार्ग वापरला असेल तर मात्र ही अट लागत नाही.) एक मोठा फरक आहे. आपल्याकडे निकाल थांबत नाही. निवडून आलेला शपथ घेतो, काम सुरू करतो, याचिका मागून चालत राहते. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीवर अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल १२ जून १९७५ ला आला, हे आपण इतिहासात शिकवतोच. तोवर चार वर्षं झाली होती.

म्हणजे आयर्लंडमध्ये जिंकलेला थांबतो आणि आपल्याकडे हरलेला. कुणीतरी थांबतंच.

आणि आमची शाळा

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, "त्या दिवशी काय सांगायचं होतं ते आता सांग." तो आधी नुसता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग बोलला. दुसरीच्या मुलांना मतपत्रिकेवर खूण करायला जमत नव्हती, म्हणून सहावीतली एक मुलगी मदतीला टेबलाजवळ उभी होती. ती छत्रीवाल्या मुलीची मैत्रीण. आणि ती मदत करताना बोट छत्रीवर ठेवून "इथं कर" म्हणत होती. "मी बघितलं बाई."

मी त्या सहावीतल्या मुलीला विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, मी मुद्दाम नाही केलं, चौकोन कुठे आहे ते दाखवत होते, छत्री वरती होती म्हणून बोट वर जायचं. मला ती खरं बोलते असंच वाटलं. किती जणांना दाखवलं? आठ-नऊ जणांना.

फरक होता तीनचा.

माझी पहिली धाव कुठे गेली असेल? दुसरीच्या वर्गावर. दारात उभी राहून विचारणारच होते, "तुम्ही कोणाला मत दिलं रे?" एक चिमुरडी पटकन तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बाई, ते सांगायचं नसतं. तुम्हीच सांगितलंय." मी तशीच मागे फिरले.

हॅनाफिनची कसोटी लावली तर हा मुलगा हरतो, कारण एकही मत फिरलं हे तो दाखवू शकत नाही. २०१५ ची लावली तर जिंकतो. आठ-नऊ मतं हलली असण्याची शक्यता, फरक तीन, आणि बोट ठेवताना बघितलेला साक्षीदार. सारासार विचार करणारं कुणीही म्हणेल की या निकालावर भरवसा ठेवणं कठीण आहे.

पण सात दिवस कधीच उलटून गेले होते. तीन आठवडे झाले होते. त्या मुलीने शपथ घेतली होती, परिपाठाची रांग ती लावत होती, पाण्याच्या टाकीजवळची गर्दी तिने खरोखर शिस्तीत आणली होती. उशीर माझ्यामुळे झालेला, मुलाने तर त्याच मिनिटाला हात वर केला होता.

मी दोघांना आणि सहावी-सातवीला एकत्र बसवलं आणि आयर्लंडची गोष्ट सांगितली, या लेखात आहे तशीच, फक्त सोपी करून. मग आपली सांगितली, माझ्या चुकीसकट. काय करायचं? वर्ग दुभंगला. काही म्हणाले, नियम म्हणजे नियम, मुदत गेली. एक जण म्हणाला, "बाई, मुदत आपण ठेवलीच नव्हती, मग गेली कशी?" बरोबर होतं त्याचं. छत्रीवाली गप्प बसली होती. शेवटी म्हणाली, फक्त दुसरीचं परत घ्या, बाकीच्यांचं कशाला.

मुख्याध्यापकांनी मान हलवली. तर या शनिवारी, सकाळच्या शाळेत, दुसरीचं फेरमतदान आहे. चिठ्ठीवर चिन्हं वर-खाली न ठेवता शेजारी-शेजारी ठेवली आहेत. त्याआधीच्या तासाला त्यांना आंबा आणि केळं यांच्यावर खूण करायचा सराव देणार आहे. मदतीला कुणी उभं राहणार नाही. निकाल फळ्यावर लिहीन आणि खाली 'तात्पुरता' असं लिहीन. सोमवारच्या परिपाठापर्यंत ज्याला काही सांगायचं असेल त्याने लेखी द्यायचं : काय बघितलं आणि त्याने किती मतं हलली असतील. मुलाच्या आईला निरोप पाठवला आहे. शनिवारी मोजणीला येते म्हणाली.